कोठीमागची भिंत

ज्वारी साठवायची कोठी हलवायची की नाही, यावरून सकाळपासून घरात दोन तट पडले होते. नवल म्हणजे या खेपेला नीलम आणि तिचा धाकटा दीर अश्विन एकाच बाजूला होते.

"अख्खी भिंत म्हंजे अख्खी भिंत," अश्विन म्हणाला. अकोल्याच्या कचेरीत टेबलावर बोट आपटायची सवय. इथं टेबल नव्हतं म्हणून तो दाराच्या चौकटीवर आपटत होता. "कागदावर सह्या झाल्या आपल्या. उद्या संग्रहालयवाले म्हणतीन, एक कोपरा काहून ठेवला?"

"कोपरा नाई तो. कोठी हाय," दुर्गाबाई म्हणाली. ती खाटेवर बसली होती, पाय जमिनीला न पोचणाऱ्या लेकरासारखी. "तिच्यामागं एकच चित्तर हाय. ते म्या नातीले तोंडानं सांगून देल्लं. तेवढी माती राहू द्या घराले."

"घर तरी कुठं राहते, आई?" नीलम म्हणाली. "सोमवारी जेसीबी येते. सरकवा हो सहदेवभाऊ कोठी."

"जेवन झाल्यावर सरकवू," नागसेन मधेच म्हणाला. तिचा नवरा. बडनेऱ्याच्या रेल्वेत नोकरी करून केस पांढरे झालेला, घरात सहसा कुठल्याच बाजूनं न बोलणारा. बोलला तेव्हाही त्यानं बायकोकडं पाहिलं नाही.

सहदेव मिस्त्री वरूडचा. संत्र्याच्या पेट्या ठोकण्यात जन्म गेलेला. भिंत पेटीत भरायचं काम त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि तो ते पिकल्या फळासारखं हलक्या हातानं करत होता. चित्रांवर खळीनं पातळ मलमल चिकटवायची, मागून माती करवतीनं उभी कापायची, फळ्यांच्या चौकटीत तणसावर निजवायची. आठ रिकाम्या चौकटी अंगणात रांगेनं उभ्या होत्या. त्यांना अजून संत्र्याच्या सालीचा वास येत होता.

भिंत मागच्या खोलीची. दुर्गाबाईनं तीस-बत्तीस वर्षं वलगावात आणि आसपासच्या खेड्यांत बाळंतपणं केली. तिला लिहिता येत नव्हतं. एकेक बाई मोकळी करून घरी आली की ती हात धुवायची, आणि चुलीची काजळी, गेरू, चुना, कपड्यांची नीळ, जे हाताशी असेल ते बोटावर घेऊन त्या बाळाला भिंतीवर उतरवायची. तळहाताएवढं बाळ, त्याच्या बेंबीतून निघालेली नाळ आणि नाळेच्या टोकाला त्या घराची खूण: कुणाचं उंबराचं झाड, कुणाची शिलाई मशीन, कुणाचा रेल्वेचा कंदील. नाळा एकमेकींत गुंतत, वळसे घेत आढ्यापर्यंत चढल्या होत्या, जणू वेलच. कुणी त्याला कधी चित्रकला म्हटलं नव्हतं. सासरे डोमाजी होते तोवर 'दुर्गीचं दप्तर' म्हणायचे. अश्विन शाळेत असताना मित्र आले की त्यावर सतरंजी टांगायचा. दाईचा पोरगा म्हणून चिडवतील ही भीती. मग तीन वर्षांमागं नीलमच्या लेकीनं, आकांक्षानं, मोबाइलवर फोटो टाकले आणि कुठून कुठून माणसं विचारत आली, शेवटी नागपूरच्या संग्रहालयानं अख्खी भिंतच मागितली.

तोच अश्विन आज शाल घेऊन आला होता, आणि एक पितळी पाटी. पाटीवर 'दुर्गाबाई, वलगाव' हे बारीक अक्षरांत, आणि खाली 'संकल्पना : अश्विन' हे जरा जाड.

"संकल्पना तुमची?" त्याच्याच बायकोनं, दीपमालानं, पाटी बाहेर निघाल्याबरोबर विचारलं होतं. "बाळंतपनं आईनं केली, चित्तरं आईनं काढली. तुमी सतरंजी टांगली, तेवढं लिवा."

नीलमला हसू आलं होतं. पण दीपमालाच्या बोलण्यावर हसायची सवय नसल्यानं तिनं ते पदरात गिळलं. दोघी जावांचं बोलणं होतं, पण मीठ मागण्यापुरतं. दीपमाला अकोल्याला मोठ्या दवाखान्यात लहान बाळांच्या वॉर्डात नर्स, सासूची लाडकी. सासू तिच्याशी तासन्‌तास नाळेच्या आणि वारेच्या गोष्टी करायची. नीलमशी कधीच नाही.

नीलम त्या खोलीत लागेल तेवढीच जायची. कोठीतून ज्वारी काढायची तीही एका दमात, श्वास रोखून. भिंत जाणार, खोली पडणार, तिथं स्लॅबचं घर होणार, फरशी लागणार, खिडकी येणार. सगळ्यांत आधी सही तिनं केली होती.

ती पडवीतल्या गॅसपाशी भाकरी थापत होती तेव्हा शेजारी नत्थुजीच्या अंगणात करडू ओरडलं. नीलमचा हात परातीतच थांबला.

सव्वीस वर्षं तो असाच थांबत आला होता. पूस महिन्यात, कडाक्याच्या थंडीत, त्याच खोलीत, तिचं पहिलं बाळंतपण झालं. सातव्या महिन्याच्या शेवटाला. रक्त फार गेलं होतं, डोळ्यांपुढं पिवळं पिवळं होतं, आणि कानाशी सासूची ओवी चालली होती, प्रत्येक बाळंतिणीजवळ म्हणायची तीच:

ये रे ये पाव्हन्या, वाट अंधाराची सोड
माह्या हातावर उतर, दुनियेचं पानी गोड.

ओवी थांबली आणि नीलमनं रडणं ऐकलं. बारीक, फाटकं, पण रडणं. शुद्धीवर आली तेव्हा कुशीत काही नव्हतं. मेलेलंच आलं, सासू म्हणाली. म्या आयकलं ना रडताना, नीलम म्हणाली. "नत्थुजीची बकरी व्याली वं. करडू वरडलं. तुले भास झाला." सगळ्यांनी तेच सांगितलं. नागसेननं सांगितलं, सासऱ्यांनी सांगितलं. हळूहळू तिनंही स्वतःला तेच सांगितलं, आणि एक गोष्ट मनाशी मान्य केली, की आपला कान खोटा आहे. आकांक्षाच्या वेळी ती अमरावतीच्या दवाखान्यात गेली. बाळ रडलं तेव्हा तिनं नर्सला विचारलं होतं, "खरंच रडलं का?"

"आई, भाकर करपली," आकांक्षा दारातून म्हणाली. "आणि चल ना, सर सगळ्यांना बोलावून राहिले."

*

खुशालराव नागपूरच्या संग्रहालयातून आले होते. वयस्क माणूस, गळ्यात भिंग, बोलणं मऊ. ते भिंतीपुढं चप्पल काढून उभे होते, हे एकट्या नीलमलाच दिसलं असावं.

आकांक्षाच्या हातात वही. गेले तीन महिने आजीला भिंतीपुढं बसवून, एकेका बाळावर बोट ठेवून, तिनं मोबाइलवर आजीचं बोलणं भरून घेतलं होतं. दोनशे चौदा बाळं, दोनशे चौदा आवाज.

"पाय वर असले म्हणजे पायाळू," ती सांगत होती. "कपाळावर टिकली म्हणजे मुलगी. नाळेला दोन वेढे म्हणजे गळ्यात अडकली होती."

"आणि डोळे?" खुशालरावांनी भिंग लावलं. "बहुतेकांना टपोरे ठिपके आहेत. काहींना नुसती रेघ."

"रेघवाली जन्मतःच गेलेली, सर. थांबा, आजीचाच आवाज ऐका."

मोबाइलमधून दुर्गाबाई बोलली, खोकत, मधेच हसत: "रडलं त्यालेच डोये, पोरी. एक सास घेतला अन् गेलं तरी दोन डोये. दुनिया पायली ना त्यानं! भितीशी काय खोटं बोलाव?"

खाटेवरची दुर्गाबाई हसली नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"आजी, एक विचारू?" खुशालराव तिच्याजवळ गेले. "चित्रं डावीकडून उजवीकडे येत गेली आहेत. कोठीच्या पलीकडे मात्र हातभर भिंत कोरी आहे. जागा होती. मग तुम्ही थांबलात का?"

"दवाखाने आले ना, साहेब," अश्विननं उत्तर दिलं. "गाड्या आल्या. कोन बोलावते मग दाईले?"

"बाईले बोला ना तिचं तिले," दीपमाला म्हणाली.

दुर्गाबाईनं पदराचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं. आणि नीलमच्या मनात प्रथमच एक साधा हिशेब आला: दवाखाने आले ते कितीतरी नंतर. आपल्या बाळंतपणानंतर दोनच महिन्यांनी गंगूबाई माळणीची सून अडली होती. माणसं पहाटे दारात आली आणि सासूनं खाटेवरून उठायला नकार दिला. कंबर धरली म्हणाली. त्या दिवशी दुपारी ती कंबर वाकवून अंगण सारवत होती.

"सरकवा कोठी," नीलम म्हणाली.

"जेवन..." नागसेन म्हणाला.

"जेवन कुठं पयून नाई जात. सरकवा."

पत्र्याची कोठी रिकामी होती तरी जड निघाली. सहदेव आणि अश्विननं खांदा लावला. पत्रा जमिनीवर किंचाळत सरकला, आणि मागून एक ॲल्युमिनियमचा डबा खाली पडला. दाईच्या प्रशिक्षणात सरकारनं दिलेला. झाकण उघडलं, गंजलेलं ब्लेड आणि दोऱ्याची गुंडी बाहेर आली. मागची भिंत सव्वीस वर्षं उजेड न लागल्यानं ओल्यासारखी गडद राहिली होती.

त्यावर एक बाळ होतं. बाकीच्यांहून लहान, जेमतेम बोटभर. बाकीची काजळीनं नाहीतर गेरूनं काढलेली. हे नुसत्या निळीनं. नाळेच्या टोकाला खूण म्हणून डोमाजींचा चष्मा, म्हणजे हेच घर. 

"हे दोनशे चौदावं, सर," आकांक्षा उत्साहानं पुढं झाली. "हा माझा मोठा भाऊ. हा जन्मतःच..." बोट हवेत राहिलं.

बाळाला डोळे होते. दोन. भिंतीवरच्या साऱ्या बाळांपेक्षा मोठे, गोल, उघडे.

सहदेवनं खळीचं भांडं हळूच खाली ठेवलं.

"आकांक्षा," नीलम म्हणाली. "याचं भरलेलं लाव."

"आई, जाऊ दे ना..."

"लाव म्हन्लं ना!"

मोबाइलमधून आवाज आला, या खेपेला न हसता, घाईनं: "दोनशे चौदा. नीलमचं पयलं. मेलेलं. चाल, झालं."

"वहिनी," अश्विन खालच्या आवाजात म्हणाला, "पाव्हन्यासमोर हे नको. निळीचा थेंब सांडला असन. म्हातारं मानूस..."

"दोन थेंब? बरोबर डोळ्यांच्या जागी?" नीलम त्याच्याकडं वळलीही नाही. ती सासूकडं बघत होती. "आई. भितीशी खोटं बोलत नाई तुमी. मंग माह्याशी बोला."

दुर्गाबाईचे ओठ हलले, पण आवाज आला तो दाराकडून.

"डोये उघडे होते त्याचे," नागसेन म्हणाला.

नीलमला वाटलं पायाखालची जमीन कोणी करवतीनं कापून काढली.

"पेढी नदीच्या काठाले म्या पुरलं ना त्याले. माती लोटाच्या आधी पायलं. उघडे होते. म्याच मिटवले." त्यानं उजव्या हाताचा अंगठा पुढं केला, जणू त्यावर अजून काही लागलेलं होतं. "मायनं मले तेव्हाच सांगतलं होतं सारं."

"तुमाले मालूम होतं."

"तू खाटेवर पडून होती. पांढरी फट्ट. बाबा म्हणे, आता खरं सांगतलं तर ही बी जाईन."

"तवा जाईन. अन् मंग? दहा वर्षांनी? आकांक्षा दहावी झाली तवा? रोज करडू वरडे अन् मी कान झाकून घेऊ, तुमी माह्या बाजूले झोपून राहे! मले तुमी येडी होऊ देल्लं."

नागसेननं मान खाली घातली. "भेव वाटे," तो म्हणाला. "रोज वाटे, उद्या सांगू."

दीपमाला पुढं आली. नीलमला वाटलं, आता ही सासूची बाजू घेईल. घेत आली होती आजवर. दीपमाला सासूच्या खाटेजवळ उकिडवी बसली आणि वॉर्डात बायकांना विचारते तशा सपाट, सावध आवाजात तिनं विचारलं, "आई. सातव्या महिन्याचं होतं. पूस महिना. रडलं. मंग तुमी काय केलं?"

दुर्गाबाईनं पदर सोडला.

"आंघोय घातली," ती म्हणाली.

दीपमालानं डोळे मिटले.

"काय झालं?" अश्विननं विचारलं. "आंघोळ तर सारेच घालतात."

"तुमी चूप राहा जरा," दीपमाला म्हणाली. "दिवस न भरलेल्या बाळाला नाई घालत. ओलं झालं की ते गार पडते. कोरड्या फडक्यात गुंडायून आईच्या छातीशी द्या लागते. आई, हे तुमाले शिकवलं होतं?"

"सिस्टरनं शिकवलं होतं," दुर्गाबाई म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता, पण थांबला नाही. कोठी सरकली तसा तोही एकदाचा सरकला होता. "लोकाच्या घरी म्या सिस्टरचंच आयकत जाओ. गंगूबाईच्या घरी, वाड्यावर, तांड्यावर, सारीकडं. पुसून, गुंडायून मायजवळ देत जाओ. सासवा मले शिव्या दे, मळकं ठेवते लेकरू म्हणून. म्या नाई आयकलं कोनाचं. अन् आपल्या घरी..." तिनं दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. "डोमाजीचा पयला नातू. म्हन्लं, याले काहून मळका ठिवू? माह्या सासूनं माह्या लेकरायले घातली तशी घालू, हळद लावू, मंग देऊ नीलमजोळ. पानी गरम होतं वं. चांगलं गरम होतं. पन दारातून वारा आला. पुसेपावतर ओठ निये पडले त्याचे. म्या छातीशी धरलं, फुंकर घातली, चुलीपाशी घेऊन बसली. पाहत होता मले. नुसता पाहत होता."

सहदेवनं खाली पडलेला डबा उचलून खाटेच्या कडेला ठेवला.

"त्या दिवसापासून डब्बा नाई उघडला म्या. कोनाच्या घरी कोनत्या हातानं जाऊ? पन भितीवर काढा लागला. रेघ काढाले बसली होती. बोट नाई वयलं." ती खाटेवरून उतरली, भिंतीला धरत धरत त्या निळ्या बाळाशी गेली आणि पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं. "पुसून टाकतो. आता नोको राहू दे हे. लोकं पायतीन तिकडं."

"हो, तेच बरं," अश्विन घाईनं म्हणाला. "तेवढा कोपरा सोडून देऊ, सर. इज्जतीचा प्रश्न हाय. वहिनी, तुमाले बी तेच..."

नीलमनं सासूचं मनगट धरलं.

केवढंसं मनगट होतं ते. दोनशे चौदा बाळं यानं उतरवून घेतली यावर विश्वास बसू नये इतकं. तिच्या मनात आलं, आवळावं, हाड वाजेपर्यंत आवळावं. म्हातारीनं हात सोडवायचा प्रयत्न केला नाही.

"हात नाई लावायचा त्याले," नीलम म्हणाली. "आंघोय झाली त्याची एकडाव."

दुर्गाबाईच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. नीलमनं मनगट सोडलं. ती अश्विनकडं वळली.

"अख्खी भिंत म्हंजे अख्खी भिंत, भाऊजी. सही झाली आपली."

"अवं पन वहिनी, घरातली गोष्ट..."

"घरातच होती सव्वीस वर्षं. कोठीमागं." मग ती खुशालरावांकडं वळली, ते भिंग मुठीत धरून मान खाली घालून उभे होते. "सर, तिकडं तुमी आवाज लावनार ना? चित्रासमोर मानूस उभा राहिला की आजीचा आवाज येते म्हणे."

"हो," ते म्हणाले. "पण बाई, तुमची इच्छा नसेल तर हे एक आम्ही..."

"इच्छा हाय. पन खोटा आवाज नाई लावायचा. आकांक्षा, ते पुसून टाक. नवीन भर."

आकांक्षा रडत होती. "आई, मी नाही करू शकत. तू आजीकडं बघ तरी."

"पाहूनच राहिली," नीलम म्हणाली.

ती खरंच पाहत होती. सासूची बुबुळं निळसर झाली होती, आता त्यांत पाणी भरलं होतं. या बाईनं आपलं मूल मारलं, आणि याच बाईनं त्याला साऱ्या भिंतीवरचे सगळ्यांत मोठे डोळे दिले. दोन्ही गोष्टी एकाच हातच्या, आणि यांतली कुठली पुसली तर कुठली राहते ते नीलमला उमगत नव्हतं. माफ करावं असं तिच्यात काही उगवलं नव्हतं. पुढं कधी उगवेल का, तेही ठाऊक नव्हतं. तिला आत्ता एकच पाहिजे होतं.

दीपमालानं आकांक्षाच्या हातून मोबाइल घेतला. "मी धरतो, ताई," ती म्हणाली आणि नीलमच्या बाजूला येऊन उभी राहिली. खांद्याला खांदा लागला. "बोला, आई. लाल ठिपका लागला."

दुर्गाबाई भिंतीकडं तोंड करून उभी होती. बाहेर सहदेवच्या चौकटींवर ऊन आलं होतं.

"दोनशे चौदा," ती म्हणाली. "नीलमचा पोरगा. पूस महिना, दुपार. सातव्यातला."

"रडला?" नीलमनं विचारलं.

"रडला."

"मोठ्यानं म्हना."

"रडला वं माय! चांगला रडला. नीलमनं आयकलं. तिचा कान खरा होता. म्याच खोटी बोलली."

"किती वेळ होता?"

"उन्हाची तिरीप उंबऱ्यापासून चुलीपावतर गेली, तवरी होता. म्या आंघोय घातली त्याले. घालाले नव्हती पायजे." ती थांबली. मग बोटानं, न लागेल इतक्या अंतरावरून, ते दोन ठिपके हवेत गिरवत म्हणाली, "डोये बापासारखे होते."

दारात नागसेननं आपला अंगठा मुठीत मिटून घेतला. दीपमालानं अंगठ्यानं मोबाइल बंद केला.

नीलम उंबऱ्याशी गेली. तिथून कोपऱ्यातल्या जुन्या, विझलेल्या चुलीकडं पाहिलं. चार पावलांची जमीन. ती सावकाश चालत गेली, एक, दोन, तीन, चार, आणि चुलीपाशी उभी राहिली. एवढं आयुष्य त्याचं. एवढ्यात ती त्याला एकदा घेऊ शकली असती.

मागं सहदेवनं खाकरून विचारलं, "मग ताई, मलमल लावू का याच्यावर?"

"लावा," ती म्हणाली. "डोळ्यांवर जरा हलक्या हातानं."

शेजारी नत्थुजीच्या अंगणात करडू ओरडलं. खोलीतल्या सगळ्यांनी दचकून नीलमकडं पाहिलं. तिनं मान तिरपी करून नीट ऐकलं, शेवटपर्यंत.

ते करडूच होतं.